विटक्या सदऱ्यांचें दुकान

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या शाळेच्या जिमखान्याच्या नांवानें अमेरिकेंतून एक लहानसें पुडकें आलें. धाडणारा आमचाच एक माजी विद्यार्थी. नोकरीनिमित्त तो ओहायो संस्थानांतील क्लीव्हलंड शहरीं राहतो. पुडक्यांत राखी रंगाचा एक टी-शर्ट होता. त्याच्या छातीवर गडद तांबड्या व सोनेरी रंगांत एका अवाढव्य इमारतीचें चित्र होतें. परंतु चित्राच्या कडा झिजलेल्या, मधला रंग ठिकठिकाणीं उडालेला, आणि अक्षरें तर अशीं विटकीं कीं, तीं धोब्याच्या दगडावर दहा वर्षें आपटलीं असावींत. तो पाहून इयत्ता नववींतील एक मुलगा मोठ्यानें म्हणाला, "सर, दादांनीं वापरलेलाच सदरा धाडला कीं!" वर्ग हंसला, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही क्षणभर तसेंच वाटलें. परंतु गळपट्टीला दुकानाची कोरी चिठ्ठी अजून लोंबत होती. सोबतच्या पत्रांत ह्या बाबतींत दोनच वाक्यें होतीं. सदरा नवा आहे. त्यावरील इमारत मात्र १९९९ सालींच पाडलेली आहे.

नवा सदरा मुद्दाम जुना दिसेल असा कां करावा, आणि जी इमारत उरली नाहीं तिचें चित्र छातीवर मिरविण्यासाठीं कोणी पैसे कां मोजावेत, ह्या दोन प्रश्नांवर पुढें वर्गांत तीन तास खर्ची पडले. मुलांच्या शंकांच्या अनुरोधानें आम्हीं जें वाचलें व समजून घेतलें, तें येथें मांडीत आहों. विषय कापडाचा आहे, खेळाचा आहे, आणि थोडासा कायद्याचाही आहे. तेव्हां वाचकांनीं किंचित् धीर धरावा.

प्रथम वस्त्राविषयीं दोन शब्द. टी-शर्ट हें मूळचें आंत घालावयाचें वस्त्र. बाह्या पसरून ठेविला असतां त्याचा आकार रोमन लिपींतील 'टी' ह्या अक्षरासारखा दिसतो, म्हणून हें नांव. अमेरिकेच्या आरमारांत खलाशी तो गणवेशाखालीं घालीत. दुसऱ्या महायुद्धांत तो वर आला. १९४२ च्या जुलै महिन्यांत 'लाइफ' ह्या प्रसिद्ध साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एका सैनिकाच्या अंगांत शिक्षणशाळेचें नांव छापलेला टी-शर्ट साऱ्या देशानें पाहिला. कॉलेजांच्या व्यायामशाळांत तर तो त्याआधींच शिरला होता. १९१९ सालीं रॉचेस्टर येथें निघालेली चॅम्पियन ही कंपनी विद्यापीठांस नांव छापलेले सदरे पुरवीत असे. पुढें जो सदरा खेळाडूच्या अंगावर असे, तो प्रेक्षकाच्याही अंगावर आला. पागोट्याच्या बांधणीवरून पूर्वीं आपल्याकडे माणसाची जात व गांव ओळखीत. त्याच तऱ्हेनें अमेरिकेंतील मनुष्याचें शहर आज पुष्कळदां त्याच्या छातीवर वाचतां येतें.

आतां दुकानाकडे वळूं. ओहायोची राजधानी कोलंबस. तेथें २००७ सालीं 'होमेज' ह्या नांवाचा एक लहानसा धंदा सुरू झाला. ह्या शब्दाचा अर्थ मानवंदना. त्याचा स्थापक विद्यार्थिदशेंत लोकांनीं टाकून दिलेले जुने सदरे शोधून काढी व शौकिनांस विकी. अशा व्यापारांतील अडचण उघड आहे. एका नमुन्याचा सदरा एकच सांपडतो, आणि तोही बहुधा गिऱ्हाइकाच्या अंगास बसत नाहीं. तेव्हां जुन्याच्या धर्तीवर नवा तयार करावा, हाच पुढचा मार्ग होय. धंदा चालला, क्लीव्हलंड, सिनसिनाटी ह्या ओहायोच्या इतर मोठ्या शहरांतही दुकानें निघालीं. ही कल्पना त्याच्या एकट्याचीच होती असें मात्र समजूं नये. सिॲटल येथें १९८८ पासून 'एबेट्स फील्ड फ्लॅनल्स' हें दुकान जुन्या बेसबॉल संघांचे लोकरी सदरे जसेच्या तसे शिवून देत आलें आहे. इंग्लंडांत गेट्सहेड येथें १९९० सालीं जुन्या पद्धतीचे फुटबॉलचे सदरे करणारी एक कंपनी निघाली. परंतु ओहायोचें उदाहरण आम्हांस अधिक बोधप्रद वाटतें, कारण तेथें खेळाची स्मृति व गांवाचें दैव हीं एकमेकांत फारच गुंतलेलीं आहेत.

ह्या दुकानांचा विशेष असा कीं, तेथील पुष्कळसा माल बाहेरच्या मनुष्यास समजतच नाहीं. एका सदऱ्यावर नुसता एक आंकडा असतो. दुसऱ्यावर पाडलेल्या क्रीडांगणाचें नांव. तिसऱ्यावर चष्मा व काळी टोपी घातलेला एक म्हातारा. कोलंबसच्या मनुष्यास तो म्हातारा म्हणजे वुडी हेझ, हें सांगावें लागत नाहीं. १९५१ पासून १९७८ पर्यंत तो ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा शिक्षक होता. (येथें फुटबॉल म्हणजे अमेरिकेचा लंबगोल चेंडूचा खेळ; त्यांत पायापेक्षां हातच अधिक चालतो.) शेजारच्या मिशिगन संस्थानाशीं त्याचें इतकें हाडवैर कीं, तो त्याचें नांवही तोंडानें घेत नसे, 'तें वरचें संस्थान' एवढेंच म्हणे. शेवटीं १९७८ च्या डिसेंबरांत एका सामन्यांत त्यानें प्रतिपक्षाच्या खेळाडूस ठोसा मारला व दुसऱ्या दिवशीं त्याची नोकरी गेली. तरीही लोक त्याचें चित्र अंगावर घालतात. गुरूचा राग आणि गुरूचें प्रेम दोन्हीं लक्षांत ठेवण्याची ही रीत आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित नसावी.

सदरा जुना कसा दिसतो, हा प्रश्न मुलांस सर्वांत अधिक आवडला, म्हणून तो सविस्तर सांगतों. १९७० व १९८० च्या सुमारास अमेरिकेंत खेळाचे पुष्कळ टी-शर्ट निम्में सूत व निम्मा पॉलिएस्टर अशा कापडाचे असत. धुऊन धुऊन त्यांतील सुताचे तंतू झडत, पॉलिएस्टरचे राहत, आणि कापड मलमलीसारखें पातळ व मऊ होई. तो मऊपणा पहिल्या दिवशींच यावा म्हणून आतांचे दुकानदार पुष्कळदां तीन तंतूंचें मिश्र कापड घेतात. त्याचें नेहमींचें प्रमाण निम्में पॉलिएस्टर, चतुर्थांश सूत व चतुर्थांश रेयॉन असें असतें. हे तंतू एकाच रंगांत सारखे रंगत नाहींत. सूत व रेयॉन ज्या रंगांत रंगतात त्यांत पॉलिएस्टर कोरा राहतो. त्यामुळें कापडावर बारीक ठिपक्यांची छटा उमटते व तें आपोआपच थोडें विटल्यासारखें भासतें.

पुढचें काम छापण्याचें. चौकटीवर घट्ट ताणलेल्या जाळीवर प्रकाशानें घट्ट होणारा लेप देतात. पारदर्शक फिल्मवर काळें चित्र काढून ती जाळीवर ठेवितात व वरून प्रखर उजेड पाडतात. काळ्या चित्राखालचा लेप मऊच राहतो. तो पाण्यानें धुतला कीं जाळीचीं तेवढीं छिद्रें उघडीं पडतात. मग सदरा खालीं पसरून रबरी पट्टीनें जाळीतून रंग ओढावयाचा. जितके रंग, तितक्या जाळ्या. नेहमींचा दाट रंग छापल्यावर सुमारें १६० अंश सेंटिग्रेड उष्णतेंतून सदरा काढावा लागतो, नाहींतर पहिल्याच धुण्यांत रंग निघून जातो. आतां गंमत अशी कीं, झीज ही छापल्यानंतर करीत नाहींत, छापण्यापूर्वींच करितात. चित्रकार मूळ चित्रांतच ओरखडे, भेगा व ठिपके काढून ठेवितो. तेवढ्या जागेंतून रंग उतरत नाहीं आणि खालचें कापड डोकावतें. दुसरी एक युक्ति म्हणजे रंग चढविण्याऐवजीं कापडाचाच रंग उडविणारें द्रव्य जाळीतून ओढणें. असें चित्र हातास लागतच नाहीं, कापडाच्या अंगींच असल्यासारखें वाटतें. म्हणजे ज्या सदऱ्यास आमच्या विद्यार्थ्यानें 'वापरलेला' म्हटलें, त्यावरील एकेक ओरखडा कोणीतरी दिव्याखालीं बसून काढलेला होता! ही लबाडी आहे काय, असें एकानें विचारलें. आमचें मत असें कीं, गिऱ्हाइकास ठाऊक असतां केलेली ही गोष्ट लबाडी नव्हे. नाटकांतील म्हाताऱ्याच्या पांढऱ्या मिशीस कोणी लबाडी म्हणत नाहीं. मात्र जुन्या बाजारांत तोच सदरा खराखुरा १९७६ चा म्हणून खपविला तर ती निश्चित लबाडी होईल.

१९७६ हें साल आम्हीं सहज लिहिलें नाहीं. आमच्या पुडक्यांतील सदऱ्यावरील इमारत म्हणजे रिचफील्ड येथील कोलिसियम. क्लीव्हलंड व ॲक्रन ह्या दोन शहरांच्या मधोमध, शेतजमिनींत, १९७४ सालीं ती बांधिली. क्लीव्हलंडचा 'कॅव्हलियर्स' हा बास्केटबॉल संघ तेथें खेळे. (बास्केटबॉल आमच्या पटांगणावर रोज चालतो, तो जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें १८९१ सालीं स्प्रिंगफील्ड येथील ख्रिस्ती तरुण संघाच्या शिक्षणशाळेंत हिवाळ्यांतील मुलांसाठीं बसविला, हें येथें सांगून ठेवितों.) हा संघ १९७० सालीं स्थापन झाला व पहिलीं वर्षें हरण्यांतच गेलीं. १९७६ च्या वसंतांत मात्र त्यानें वॉशिंग्टनच्या बलिष्ठ संघाशीं सात सामन्यांची झुंज दिली. सातवा सामना रिचफील्ड येथें झाला. शेवटचीं चार सेकंदें उरलीं असतां डिक स्नायडर ह्यानें टाकलेला चेंडू जाळीत पडला व ८७ विरुद्ध ८५ गुणांनीं क्लीव्हलंड जिंकलें. पुढच्याच फेरींत मुख्य खेळाडूचा पाय मोडून संघ हरला, तरी त्या वर्षास लोक 'रिचफील्डचा चमत्कार' म्हणतात. १९९४ सालीं संघ शहरांतील नव्या इमारतींत गेला. कोलिसियम पांच वर्षें ओस पडलें, मग पाडलें, आणि ती जागा राष्ट्रीय उद्यानांत सामील झाली. आज तेथें गवत आहे व गवतांत घरटीं करणारे पक्षी आहेत. वीस हजार माणसांचा जयघोष जेथें उठला, तेथें खूण म्हणून कांहींच राहिलें नाहीं. अशा वेळीं सदऱ्यावरील चित्र हीच खूण होते.

परंतु हें सर्व समजण्यास त्या शहराची दशा थोडी ठाऊक पाहिजे. क्लीव्हलंड हें ईरी सरोवराच्या कांठचें पोलादाचें व कारखान्यांचें गांव. १९५० सालच्या खानेसुमारींत तेथें ९,१४,८०८ माणसें होतीं. २०२० सालीं ३,७२,६२४ उरलीं. कारखाने बंद पडले, लोक उपनगरांत व परमुलुखांत गेले. १९६९ सालीं तर नदीवरील तेलकट घाणीनें पेट घेतला आणि सारा देश त्या शहरास हंसला. खेळांतही दैव फिरलें. १९६४ च्या डिसेंबरांत 'ब्राऊन्स' ह्या फुटबॉल संघानें बाल्टिमोरचा २७ विरुद्ध ० असा पराभव करून अजिंक्यपद मिळविलें. त्यानंतर शहराच्या तीन मोठ्या संघांपैकीं एकासही २०१६ पर्यंत अजिंक्यपद मिळालें नाहीं. बावन्न वर्षें! ह्या काळांतील पराभवांस तेथील लोकांनीं विशेषनामें देऊन ठेविलीं आहेत, जसें आपण पानिपत म्हणतों. हे पराभवही सदऱ्यांवर येतात. १९७४ च्या ४ जूनला बेसबॉलच्या सामन्यांत दहा सेंटांस एक पेला ह्या दरानें बिअर विकली. प्रेक्षक झिंगून मैदानांत घुसले व सामना प्रतिपक्षास बहाल करावा लागला. त्या लाजिरवाण्या रात्रीचेही टी-शर्ट निघाले! दुःख विकावें काय, असा प्रश्न आम्हांस पडला होता. परंतु आपल्या फजितीची गोष्ट जो स्वतः सांगतो त्याला दुसऱ्याचें हसूं फारसें बोंचत नाहीं, हाही अनुभव आहेच.

खरा घाव १९९५ सालचा. ब्राऊन्स हा संघ १९४६ सालीं निघाला. कारखान्यांतील कामकरी, त्याचा मुलगा व नातू अशा तीन पिढ्या सरोवरावरून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यांत त्याच बांकांवर बसून त्याचे सामने पाहत. अमेरिकेंत संघ हा गांवाचा नसतो, एका धन्याचा असतो. १९९५ च्या ६ नोव्हेंबरला त्या धन्यानें जाहीर केलें कीं, आपण संघ बाल्टिमोरला नेणार. हंगाम अजून चालूच होता. १७ डिसेंबरला घरच्या मैदानावरील अखेरचा सामना झाला. ब्राऊन्स जिंकले, पण लोकांनीं बांकें उपटून मैदानांत फेंकलीं, आणि खेळाडू प्रेक्षकांच्या गर्दींत जाऊन त्यांस मिठ्या मारूं लागले. तें क्रीडांगणही पुढें पाडलें. त्याचा राडारोडा मासळीस आसरा व्हावा म्हणून ईरी सरोवरांत टाकला.

शहरानें फिर्याद केली, आणि १९९६ च्या फेब्रुवारींत जी तडजोड झाली ती मोठी विलक्षण आहे. धन्यानें खेळाडू, करारनामे, नोकर सर्व कांहीं न्यावें. परंतु 'ब्राऊन्स' हें नांव, तपकिरी व नारिंगी रंग आणि पन्नास वर्षांची दप्तरी कीर्ति क्लीव्हलंडांतच राहील. बाल्टिमोरच्या संघास 'रेव्हन्स' हें नवें नांव घ्यावें लागलें. क्लीव्हलंडास तीन हंगाम संघच नव्हता, आणि १९९९ सालीं नव्या खेळाडूंचा नवा संघ जुन्या नांवानें उभा राहिला. त्या तीन वर्षांत संघ कोठें होता, असें वर्गांत विचारतां एका मुलीनें उत्तर दिलें, "लोकांच्या अंगावर." उत्तर थोडें कवित्वाचें खरें, पण न्यायालयांतील कागदही ह्याहून फार वेगळें सांगत नाहींत. नांव व रंग हीच मालमत्ता, आणि तिच्यासाठींच भांडण.

ह्यांत एक विपर्यास आहे, तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बाल्टिमोर हें स्वतःच असें लुटलेलें गांव होतें. १९८४ च्या मार्चांत एका रात्रींत तेथील 'कोल्ट्स' संघाचें सामान मालमोटारींत भरून इंडियानापोलिसला नेलें. दहा वर्षांनीं बाल्टिमोरांत एक नवा संघ निघाला व त्यानें जुनें नांव लावूं पाहिलें. तेव्हां नांव इंडियानापोलिसच्या मालकीचें असें न्यायालयानें ठरविलें. आपलें नांव परत न मिळालेल्या गांवानें दुसऱ्याचा संघ आणला, आणि त्या दुसऱ्यानें निदान नांव वांचविलें.

येथून दुकानदाराची अडचण सुरू होते. संघाचें चिन्ह छापावयाचें तर परवाना हवा, व विक्रीचा ठराविक भाग चिन्हाच्या धन्यास द्यावा लागतो. नेहमींच असें नव्हतें. १९७५ सालीं बोस्टनच्या हॉकी संघानें व इतरांनीं डॅलसच्या एका व्यापाऱ्याविरुद्ध चालविलेल्या खटल्यांत वरिष्ठ न्यायालयानें निर्णय दिला कीं, संघाचीं चिन्हें भरतकामांत करून विनापरवाना विकणें हा व्यापारचिन्हाचा भंग होय. त्यानंतर संघांची पकड घट्ट झाली. पैसे कमी असलेला दुकानदार मग दोन वाटा काढतो. एक, संघाचें नांव न घेतां नुसत्या रंगांनीं व स्थानिक खुणांनीं सुचवावयाचें; जाणत्यास तेवढें पुरतें. दुसरी, मृत संघांकडे वळावयाचें. अमेरिकेच्या १९४६ च्या कायद्याप्रमाणें सलग तीन वर्षें चिन्ह वापरांत नसेल तर तें सोडून दिल्याचें सकृद्दर्शनीं मानतां येतें. म्हणून दोनच हंगाम खेळून १९७८ सालीं दुसऱ्या संघांत विलीन झालेला क्लीव्हलंडचा 'बॅरन्स' हा हॉकी संघ कपाटांत पुन्हां जिवंत होऊं शकतो. मात्र सोडून दिलें असें सिद्ध करणें सोपें नसतें, आणि ज्याच्याजवळ वकील अधिक त्याचेंच बहुधा चालतें, हें आम्हांस खेदानें नमूद करावें लागतें.

आतां असा भाग येतो कीं, ज्यावर वर्गांत एकमत झालें नाहीं. क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघास १९१५ पासून 'इंडियन्स' म्हणत. येथें इंडियन म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेचे मूळ रहिवासी. १९४७ सालीं सतरा वर्षांच्या एका चित्रकारानें त्या संघासाठीं एका दांत विचकून हंसणाऱ्या मूळ रहिवाशाचें चित्र काढलें. पुढें त्याचा चेहरा तांबडा भडक झाला. कोणाच्या आज्याच्या टोपीवर तो होता, कोणास बापानें पहिल्या सामन्याच्या दिवशीं तो घेऊन दिला होता. परंतु ज्या लोकांचें तें व्यंगचित्र, ते वर्षानुवर्षें क्रीडांगणाच्या दारांत उभे राहून सांगत होते कीं, आम्ही माणसें आहों, खेळणीं नव्हे. २०१८ च्या हंगामानंतर तें चित्र गणवेशावरून काढलें, आणि २०२१ च्या हंगामानंतर संघाचें नांवही 'गार्डियन्स' असें झालें. हें नांव शहरांतील १९३२ सालच्या पुलावर उभ्या असलेल्या आठ भव्य रक्षकमूर्तींवरून घेतलें आहे. त्यांतही एक घोटाळा निघाला. त्याच शहरांत चाकांच्या बुटांवरून शर्यत खेळणारा एक लहान संघ हें नांव आधींच लावीत होता; त्यानें फिर्याद केली व शेवटीं दोघांनींही तें वापरावें असें ठरलें.

मग जुना चेहरा दुकानांत असावा कीं नसावा? कांहीं मुलांचें म्हणणें, ज्याला त्याच्या बापाची आठवण हवी त्याला ती घेऊं द्यावी. एका विद्यार्थिनीनें विचारलें, "आपल्या समाजाचें असें चित्र कोणी टोपीवर लावलें, तर तुम्ही हेंच म्हणाल कां?" त्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. आमचा कल त्या मुलीकडे आहे. आठवण मनांत ठेवावयास कोणाची हरकत नाहीं. ती छापून विकावयाची म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर धरावयाची. येथें कायद्यानें मात्र चमत्कारिक गुंता केला आहे. चित्र गणवेशावरून काढतांना संघानें सांगितलें होतें कीं, त्याचा थोडासा माल आपण स्थानिक विक्रीस ठेवूं. कारण विक्री अगदींच थांबविली तर चिन्हावरील हक्क जाईल आणि भलताच कोणी तें मनसोक्त छापूं लागेल. नको असलेली वस्तु दुसऱ्याच्या हातीं पडूं नये म्हणून थोडी थोडी विकीत राहावयाची! नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत असलें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

उलट एक स्मृति अशी आहे कीं, ती ह्या दुकानांनींच कांहीं अंशीं वर आणली. त्याच शहरांत 'बकाइज' नांवाचा कृष्णवर्णीयांचा बेसबॉल संघ होता. गोऱ्यांच्या संघांत त्यांस मज्जाव असे, म्हणून त्यांचे संघ व सामने निराळे. १९४५ सालीं बकाइजनीं होमस्टेड ग्रेज ह्या नामांकित संघास लागोपाठ चार सामन्यांत हरवून अजिंक्यपद मिळविलें. दोन वर्षांनीं, १९४७ च्या ५ जुलैला, लॅरी डोबी हा कृष्णवर्णीय खेळाडू क्लीव्हलंडच्या मोठ्या संघांतून खेळला व 'अमेरिकन लीग'मधील भिंत पडली. भिंत पडली ही आनंदाचीच गोष्ट. पण तिच्याबरोबर कृष्णवर्णीयांचे स्वतंत्र संघही ओसरले, आणि त्यांचे सदरे कोणी जपून ठेविले नाहींत. २०२० च्या डिसेंबरांत बेसबॉलच्या मध्यवर्ती संस्थेनें १९२० ते १९४८ ह्या काळांतील त्या संघटनांस मोठ्या दर्जाच्या म्हणून मान्यता दिली. सिॲटलचें फ्लॅनलचें दुकान मात्र त्याआधीं कितीतरी वर्षें त्यांचे सदरे शिवीत होतें. जुनीं छायाचित्रें, वर्तमानपत्रें, म्हाताऱ्या खेळाडूंच्या आठवणी ह्यांवरून एकेक अक्षराचा आकार व एकेक पट्ट्याची रुंदी ठरवावी लागते. सर्वांत कठिण काम रंगाचें, कारण छायाचित्रें काळीं-पांढरीं.

ही अडचण आम्हांस नीट कळते, कारण ती आमच्या घरीं आली आहे. जिमखान्याच्या कपाटांत आमच्या जुन्या फुटबॉल संघाचें एक छायाचित्र आहे. अकरा मुलें, मधोमध चेंडू, सदऱ्यांवर रुंद आडवे पट्टे. पुडक्यांतील सदरा पाहून मुलांनीं हट्ट धरला कीं, यंदाच्या स्नेहसंमेलनास आपणही तो पट्ट्यांचा सदरा काढूं. पण पट्टे कोणत्या रंगाचे? एक वृद्ध माजी विद्यार्थी निळे म्हणतात. दुसरे, तितकेच वृद्ध, तांबडे म्हणून शपथ घेतात. छायाचित्रांत ते जवळजवळ काळे दिसतात. विज्ञानाच्या शिक्षकांनीं सांगितलें कीं, जुन्या कांचांपैकीं एका जातीच्या कांचांवर तांबडा रंग काळा व निळा रंग फिका उमटे; त्या हिशेबानें पट्टे तांबडे ठरतील, परंतु ही कांच त्याच जातीची होती असें म्हणण्यास आधार नाहीं. जमाखर्चाच्या वह्यांत कापडाची किंमत आहे, रंग नाहीं.

तेव्हां आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकीं कोणाच्या घरीं, ट्रंकेंत वा माळ्यावर, तो सदरा, त्याची बाही किंवा नुसती चिंधी जरी असली, तरी ती कृपा करून जिमखान्याकडे धाडावी. नमुना उतरून घेतल्यावर ती जशीच्या तशी परत केली जाईल. टपालखर्च शाळा देईल.